एका घरात दोन कॉम्प्युटर, मग पेनड्राइव्हची धावपळ कशाला?

पाटणला पाऊस लागून राहिला की इंटरनेट जाणं आपल्याला नवीन नाही. अशाच एका रात्री आमच्या घरात गडबड उडाली होती. पुतण्याच्या नोकरीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती आणि अर्जाला त्याच्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या अब्बांच्या नावाचा भूकंपग्रस्त दाखला जोडायचा होता. दाखला स्कॅन केलेला होता. पण तो होता पुढच्या खोलीत भाईजानच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि अर्ज भरला जात होता आतल्या खोलीत लॅपटॉपवर. मध्ये अंतर दहा फूट.

व्हॉट्सअॅपवर एक प्रत सापडली, पण ती फोटो म्हणून पाठवलेली, अक्षरं पुसट. मेल करायला नेट नाही. शेवटी पेनड्राइव्ह शोधला, लावला, तर आतले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. म्हणजे व्हायरस. तो लॅपटॉपला लावायची हिंमत कुणी केली नाही. सकाळी नेट आलं, घाईघाईत फाइल मेलने घेतली आणि फॉर्म भरला गेला, अल्हमदुलिल्लाह. पण रात्रभर एकच विचार मनात होता: दोन्ही कॉम्प्युटर एकाच घरात, एकाच वायफायवर आहेत, मग एकाची फाइल दुसऱ्यावर का दिसत नाही?

उत्तर सोपं आहे. दिसते. आपण ती सोय सुरू केलेली नसते, एवढंच. यासाठी कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे इंटरनेटही लागत नाही.

इंटरनेट वेगळं, घरचं नेटवर्क वेगळं

पहिला गैरसमज इथेच असतो. वायफाय म्हणजे इंटरनेट असं आपण धरून चालतो. खरं तर घरातला राउटर दोन कामं करतो. एक, बाहेरचं इंटरनेट आत आणतो. दोन, घरातल्या सगळ्या कॉम्प्युटर, मोबाइल, प्रिंटरना एकमेकांशी जोडतो. रिचार्ज संपला किंवा बाहेरची केबल तुटली तर पहिलं काम बंद पडतं, दुसरं चालूच राहतं. गावाचा डांबरी रस्ता बंद झाला म्हणून गल्लीतलं जाणं-येणं थांबत नाही, तसंच.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. तो बहुतेक वेळा 192.168 ने सुरू होतो, जसं 192.168.1.5. हे नंबर फक्त घराच्या आत वापरण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून तुमच्या घरात आणि शेजारच्या घरात तोच नंबर असला तरी घोटाळा होत नाही.

या नंबरांवरून कॉम्प्युटर एकमेकांना फाइल देतात ती पद्धत आजची नाही. आयबीएम कंपनीत 1983 च्या सुमारास तिचा पाया घातला गेला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये वाढवली. तिला एसएमबी म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 मध्ये 'सांबा' नावाचं मोफत सॉफ्टवेअर लोकांसमोर ठेवलं आणि लिनक्सवाल्या कॉम्प्युटरनाही विंडोजशी फाइलींची देवाणघेवाण करता येऊ लागली. म्हणजे घरात एक विंडोज आणि एक लिनक्स असेल तरी अडचण नाही.

वेगाचं म्हणाल तर साध्या 100 एमबीपीएस केबलवरूनही सेकंदाला 11-12 एमबी फाइल जाते. एक जीबीचा फोल्डर दीड मिनिटाच्या आसपास पोहोचतो. तोच फोल्डर नेटवरून आधी वर चढवायचा आणि मग खाली उतरवायचा म्हटलं तर डेटा दोनदा जातो आणि वेळ किती जाईल ते आपल्या नेटवर्कवर अवलंबून.

आधी एकच जागा ठरवा

सेटिंगला हात लावण्याआधी घरात एक निर्णय करावा लागतो: कागदपत्रांची मूळ जागा कोणती? आपल्याकडे होतं काय, आधारकार्डाची एक प्रत मुलीच्या मोबाइलमध्ये, दुसरी लॅपटॉपच्या डाउनलोडमध्ये, तिसरी डेस्कटॉपवर 'फायनल' नावाने आणि चौथी 'फायनल 2' नावाने. कुठली खरी ते ऐनवेळी कळत नाही.

म्हणून जो कॉम्प्युटर घरातच असतो, त्यावर एक फोल्डर करा. त्याला 'घर' म्हणू. नाव देताना इंग्रजी अक्षरांत छोटं द्या, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाइप करायला सोपं जातं. आत प्रत्येक माणसाचा एक फोल्डर आणि शिवाय 'जमीन-घर', 'शाळा', 'दवाखाना' असे दोन-चार.

फाइलला नाव देतानाही थोडा विचार करा. '1967 अब्बा भूकंप दाखला' असं वर्ष, माणूस, कागद या क्रमाने नाव दिलं की शोधताना डोकं खपवावं लागत नाही. उर्दूत नाव दिलं तर चालतं, पण उर्दू उजवीकडून आणि आकडे डावीकडून, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की स्क्रीनवर क्रम उलटसुलट दिसतो. कागदपत्रांच्या फाइलींना म्हणून मराठी किंवा इंग्रजी नावं बरी.

सेटिंग कसं करायचं

हे विंडोज 11 प्रमाणे सांगतो. विंडोज 10 मध्ये हेच पर्याय कंट्रोल पॅनेलमधल्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये मिळतात.

1. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडा. एक केबलने आणि एक वायफायने असेल तरी चालेल. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय असेल तर ते नको, कारण त्यावरची यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

2. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. प्रायव्हेट म्हणजे हे माझं घर आहे, इथली माणसं ओळखीची आहेत, असं कॉम्प्युटरला सांगणं. दोन्ही कॉम्प्युटरवर हे करा.

3. तिथेच 'अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि मग 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडा. प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन बटणं चालू करा. खाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' दिसेल. ते चालूच राहू द्या. ते बंद करा म्हणजे काम पटकन होईल, असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. पण विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये बिनपासवर्डची वाट बरीचशी बंद झालेली आहे आणि ते चांगलंच झालं.

4. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्यावर घरच्यांसाठी एक वेगळं खातं उघडा. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर यूजर्स', 'अॅड अकाउंट'. मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय साधं स्थानिक खातं करता येतं. त्याला नाव आणि पासवर्ड द्या. हे महत्त्वाचं, कारण आपण रोज चार आकडी पिनने कॉम्प्युटर उघडतो आणि तो पिन नेटवर्कवरून चालत नाही. पासवर्डच लागतो. कितीतरी जण इथेच अडकतात.

5. आता 'घर' फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', मग 'शेअर'. नुकतं केलेलं खातं यादीत जोडा. पुढे 'रीड' किंवा 'रीड/राइट' निवडा आणि शेअर दाबा.

6. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोरर उघडा. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्याला लागून पहिल्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करून एंटर दाबा. कॉम्प्युटरचं नाव सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'अबाउट' इथे असतं. नावाने सापडला नाही तर नावाऐवजी त्याचा 192.168 वाला नंबर टाका. तो वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आयपीव्ही4 अॅड्रेस' म्हणून दिसतो. नाव आणि पासवर्ड विचारेल. चौथ्या पायरीत केलेला द्या आणि 'लक्षात ठेव' या अर्थाच्या चौकोनात टिक करा.

7. रोजची सोय म्हणून त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा. मग सी आणि डी ड्राइव्हसारखाच एक झेड ड्राइव्ह दिसायला लागतो. घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगायचं, कागद झेडमध्ये आहेत.

मोबाइलवरूनही हे फोल्डर उघडतं. आयफोनच्या 'फाइल्स' अॅपमध्ये 'कनेक्ट टु सर्व्हर' असा पर्याय आहे. अँड्रॉइडवर एसएमबीची सोय असलेलं कुठलंही चांगलं फाइल मॅनेजर घ्या.

वाचायला देणं आणि लिहायला देणं

पाचव्या पायरीतला 'रीड' की 'रीड/राइट' हा प्रश्न नीट समजून घ्या. मशिदीत नमाजाच्या वेळांचा बोर्ड असतो. वाचतात सगळे, पण वेळ बदलतो एकच माणूस. प्रत्येकाने खडू घेतला तर जमाअतच चुकेल. 'रीड' म्हणजे तो बोर्ड वाचणं. 'रीड/राइट' म्हणजे खडू हातात घेणं.

दाखले, खरेदीखतं, गुणपत्रिका हे सगळं सर्वांना फक्त वाचायला द्या. मुलांच्या गृहपाठाचा किंवा घरखर्चाचा फोल्डर लिहायला द्या. यामागे एक कारण आहे, ते लक्षात ठेवा: नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती थेट जाते. घरातल्या लहानग्याने गेम शोधताना एक बटण दाबलं आणि आजोबांचा कागद गेला, असं व्हायला नको.

आणि घरातल्या घरात कसला पासवर्ड, असं म्हणू नका. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय जाऊ नये ही शिकवण आहेच. पण त्याच सूरहमध्ये स्वतःच्या घरातही फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर मुलांनी विचारून खोलीत यावं असं सांगितलं आहे. एका छताखाली राहूनही प्रत्येकाचा पडदा असतो. कुणाचे दवाखान्याचे रिपोर्ट, कुणाचे फोटो, कुणाला दिलेल्या कर्जाचा हिशेब, हे सगळ्यांनी बघण्यासारखं नसतं. म्हणून अख्खा सी ड्राइव्ह किंवा डी ड्राइव्ह शेअर करायचा नाही. एक फोल्डर करायचा आणि तेवढाच द्यायचा.

फाइल पोहोचली, पण अक्षरं नाही पोहोचली

उर्दू शाळेतल्या शिक्षकांना आणि मदरशांना हा अनुभव हमखास येतो. एका कॉम्प्युटरवर इनपेजमध्ये प्रश्नपत्रिका केली, नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेली, तर ती उघडेना. कारण दुसऱ्यावर इनपेजच नाही. वर्डमध्ये नस्तालिकमध्ये लिहिलं तर फाइल उघडते, पण अक्षरं नस्खमध्ये दिसतात आणि ओळी पुढेमागे होतात. मराठीतल्या जुन्या फाँटचंही तेच, दुसरीकडे नुसती खुणांची रांगोळी दिसते.

नेटवर्क फाइल नेतं, फाँट नेत नाही. उपाय दोन. दोन्ही कॉम्प्युटरवर तोच फाँट टाका, किंवा ज्यात आता बदल करायचा नाही ती फाइल पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट सहसा आतच बसवलेला असतो. मूळ फाइल आणि पीडीएफ शेजारी-शेजारी ठेवली की दोन्ही कामं भागतात.

धोका कुठे आहे

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर कुलूपबंद केले. फाइली परत हव्या तर पैसे भरा, अशी मागणी. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. हा व्हायरस पसरला तो याच फाइल शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीतल्या, म्हणजे एसएमबी 1 मधल्या एका भगदाडातून. मायक्रोसॉफ्टने ते भगदाड बुजवणारा अपडेट 14 मार्चलाच, जवळजवळ दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी अपडेट केलं होतं ते या भगदाडातून होणाऱ्या हल्ल्यापासून वाचले.

त्यातून घरच्यासाठी चार गोष्टी घ्यायच्या. विंडोज अपडेट थांबवू नका. विंडोज 10 ची नेहमीची मोफत साथ 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेली आहे, तेव्हा शक्य असेल तर कागदपत्रांचा फोल्डर नव्या विंडोजवर किंवा लिनक्सवर ठेवा. जुना प्रिंटर-स्कॅनर चालावा म्हणून कुणी एसएमबी 1 चालू करायला सांगितलं तर करू नका. बसस्टँड, लॉज, कॉलेज अशा ठिकाणच्या वायफायवर नेटवर्कचा प्रकार नेहमी 'पब्लिक' ठेवा, म्हणजे फोल्डर तिथल्या लोकांना दिसणार नाही. आणि घराच्या वायफायचा पासवर्ड सगळ्या गल्लीला माहीत असेल तर आधी तो बदला.

शेअर केलं म्हणजे जपलं असं नाही

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांना दिसतंय म्हणजे सुरक्षित आहे असं आपल्याला वाटायला लागतं. पण सगळे एकाच फाइलकडे बघत असतात. ती हार्डडिस्क बंद पडली तर सगळ्यांचंच गेलं.

पाटणकरांना हे वेगळं सांगायला नको. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने घरं बसली. जुलै 2021 मध्ये आपल्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, माणसं गेली, घरं चिखलाखाली गेली. जे वाचले त्यांच्यासमोर दुःखानंतर लगेच कागदांचा प्रश्न उभा राहिला. आपल्या भागात कागदाला किती किंमत आहे बघा: राज्याच्या नोकरभरतीत प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्तांना समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी आजोबांच्या काळातला कागद नातवाला दाखवावा लागतो. वक्फ मिळकतींचंही तसंच. 6 जून 2025 ला केंद्राचं उमीद पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांत नोंदी चढवायच्या म्हटल्यावर जागोजागी मशिदी-दर्ग्यांच्या विश्वस्तांची जुनी कागदं शोधताना पळापळ झाली. कागद एका पेटीत, पेटीची चावी एका माणसाकडे, आणि तो माणूस मुंबईला.

म्हणून तीन प्रतींचा नियम पाळा. एक प्रत 'घर' फोल्डरमध्ये. दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, जी महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची आणि काढून ठेवायची. सतत लावून ठेवली तर व्हायरस तिच्यावरही जातो. तिसरी प्रत घराबाहेर, कराडला बहिणीकडे, सांगलीला मामांकडे, नाहीतर ऑनलाइन. मशिदीच्या ट्रस्टलाही हेच लागू आहे. ती कागदं तर अख्ख्या जमाअतची अमानत.

आणि एक लक्षात असू द्या. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेला दाखला मूळ कागदासारखाच कायदेशीर धरला जातो. आपण स्वतः फोटो काढून चढवलेली प्रत तशी धरली जात नाही. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ओल लागणार नाही अशा जागी असायलाच हवेत.

दिसत नसेल तर काय बघायचं

हे क्रमाने तपासा. फोल्डरवाला कॉम्प्युटर चालू आहे का? तो झोपी गेला, म्हणजे 'स्लीप'मध्ये गेला की फोल्डर गायब होतो, तेव्हा पॉवरच्या सेटिंगमध्ये तेवढं बदला. दोन्ही एकाच वायफायवर आहेत का? दोन्हीकडे 'प्रायव्हेट' आहे का? पिन नाही, पासवर्डच टाकताय ना? काल नंबर टाकून उघडलं आणि आज उघडत नाही, तर राउटरने नंबर बदललेला असू शकतो, नवा बघून टाका. एक्सेलची फाइल 'लॉक' आहे असं आलं, तर ती दुसऱ्या खोलीत कुणीतरी उघडून बसलंय. हाक मारा.

वीज गेली की राउटर बंद पडतो आणि हे सगळं थांबतं, हे तर आहेच. इन्व्हर्टर असेल तर राउटरचं प्लग त्यावर घ्या, त्याला वीज फार लागत नाही.

आमच्या घरी आता 'घर' फोल्डर आहे. अम्मींच्या औषधांच्या चिठ्ठ्यांपासून पुतण्याच्या दाखल्यापर्यंत सगळं त्यात आहे. करायला एक दुपार गेली, त्यातही जास्त वेळ सेटिंगला नाही तर कुठला कागद कुठे आहे ते शोधायला गेला. तुम्हीही या रविवारी जोहरनंतर घरातल्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन बसा. त्यांना सेटिंग येतं, तुम्हाला कागद माहीत आहेत. पुढच्या पावसाळ्यात नेट गेलं तरी काम अडणार नाही, इन्शाअल्लाह.